हलव्याच्या चार वाट्या

"आबा, गाऱ्हाणं नक्की किती वाजता घालायचं?" देविकाने स्वयंपाकघरातूनच पुन्हा विचारलं.

"नारळ इलो?"

"सकाळीच आणलाय."

"मगे जेवान आटोपला की घालूया. देवाक खंय फोन येवचो आसा!"

देवाला नसला तरी रेवाला फोन येणार होता. आज, शुक्रवारी, मस्कतच्या घड्याळात पाच वाजता, पोलंडहून. मेस्तांच्या अल घुब्रा भागातल्या तीन खोल्यांच्या भाड्याच्या फ्लॅटमध्ये मंगळवारपासून त्या फोनशिवाय दुसरा विषय नव्हता. फक्त तो विषय कोणी उघड काढत नव्हतं. मेस्तांच्या घरात महत्त्वाच्या गोष्टी उघड बोलायची पद्धत नाही, हे आतापर्यंत ज्यांच्या लक्षात आलं नसेल त्यांना हात जोडले पाहिजेत.

देविकाची मुलगी रेवा मंगळवारी अमेरिकेहून परत आली होती. कॉलेजची चार वर्षं, पदवी, आणि त्याहून मोठं म्हणजे बास्केटबॉल. तिच्या कॉलेजच्या गावात तिचं पोस्टर दोन मजले उंच लागलं होतं. आता पोलंडमधल्या बायकांच्या व्यावसायिक लीगमधल्या एका संघाने तिला बोलावलं होतं. पगार, राहायला घर, सगळं. हो की नाही ते आज सांगायचं. दुसरीकडे देविकाने इथल्याच एका शाळेत शब्द टाकून ठेवला होता, रविवारपासून पी.टी.ची मिस म्हणून रुजू व्हायचं. आणि रेवाचं काय म्हणणं? तर, "घरचे म्हणतील तसं."

आता बघा. ज्या मुलीने आयुष्यात साधे केसही घरच्यांना विचारून कापले नाहीत, ती म्हणते घरचे म्हणतील तसं. कोणाला तरी संशय यायला हवा होता. पण प्रत्येक जण स्वतःचं घोडं दामटण्यात इतका गुंतलेला, की कोणाच्या डोक्यात प्रकाश पडला नाही.

घोडं दामटायचं म्हणजे आबांना गाठायचं. कारण मेस्तांच्या घराचा एक कायदा आहे. कुठलंही मोठं काम असो, देवापुढे नारळ ठेवून आबा गाऱ्हाणं घालणार, आणि त्यांच्या प्रत्येक वाक्याला सगळ्यांनी "व्हय म्हाराजा" म्हणायचं. एकदा व्हय म्हटलं की दिला शब्द. मागे घेता येत नाही. रेवाच्या बाबांची, उत्तमची, सिगारेट अशीच सुटली. उत्तमच्या बहिणीचं, यशश्रीचं, लग्नही असंच ठरलं. एकोणीस वर्षांची पोर सवयीने "व्हय म्हाराजा" म्हणाली आणि मग कळलं की आपण मस्कतमधल्याच अल हैलच्या साईला होकार दिला. साई माणूस भला निघाला ही गावच्या रवळनाथाची कृपा, पण आर्किटेक्ट व्हायचं राहिलं ते राहिलंच.

म्हणजे गाऱ्हाण्यात काय घालायचं हे ज्याच्या हातात, त्याच्या हातात सगळं. आणि आबांना, म्हणजे बाळकृष्ण मेस्तांना, विकत घ्यायला एकच गोष्ट लागत होती, जी देविकाने दोन वर्षांपूर्वी त्यांची साखर वाढल्यापासून घरातून हद्दपार केली होती. ओमानी हलवा.

*

देविकाने समोरच्या फ्लॅटची बेल वाजवली. शकीलाभाभी मूळच्या दाभोळच्या. नवरा इक्बाल हलव्याच्या दुकानात हिशेब बघायचा, त्यामुळे त्यांच्या घरात हलव्याचं टोपलं कधी रिकामं नसे.

"शकीलाभाभी, वाटीभर हलवा मिळेल?"

"तुम्ही कधीपासून गोड खायला लागलात?"

"आज जरा... इच्छा झाली."

शकीलाने तिच्याकडे निरखून पाहिलं, पण वाटी भरून दिली. वर केशराची काडी ठेवली.

आबा गॅलरीत खुर्ची टाकून बसले होते. देविकाने वाटी पदराखालून काढली तेव्हा त्यांचे डोळे असे उघडले, जणू तरुणपणी जिथे जहाजं बांधली त्या सूर बंदराच्या गोदीत पहिलं जहाज पाण्यात उतरताना पाहताहेत.

"आबा, ऐका. गाऱ्हाण्यात एवढंच घाला, की पोरीला घरात राहायची बुद्धी होऊ दे. शाळेची नोकरी काय वाईट आहे?"

"वायट कित्याक?"

"चार वर्षं मी लोणच्याच्या बरणीला फोन टेकवून जेवलेय, आबा. समोर ती, इकडे मी. तिची सकाळ, माझं रात्रीचं जेवण. आता पोलंड! तिथे आपलं कोण आहे? पुरे झालं मला ते बरणीशी बोलणं."

आबांनी हलव्याचा गोळा गालात सरकवला.

"घालतंय, सूनबाय. शब्द दिलंय."

वाटी धुऊन पालथी पडते न पडते तोच गॅलरीत उत्तम आला. आधी मागे पाहिलं, मग खाली पाहिलं, मग खिशातून वाटीभर हलव्याचं पुडकं काढलं.

"आबा, शकीलाभाभींकडून आणलाय. देविकाला बोलू नका."

"माका काय पडला?"

"पोरीला जाऊ दे म्हणा गाऱ्हाण्यात. मी इथे एअरकंडिशनिंगच्या कंपनीत पंचवीस वर्षं लोकांच्या घरातली हवा थंड करतोय. माझ्या मुलीचं पोस्टर दोन मजले लागलं, आबा! मी त्याचा फोटो आमच्या अर्बाबला, मालकालाही दाखवला. फक्त हे मी सांगितलं असं कळायला नको. तुम्हाला आपोआप सुचलं असं दिसू दे."

"घालतंय," आबा म्हणाले, आणि बोट चाटलं.

यशश्री दुपारी अल हैलहून आली ती हातात करंज्यांचा डबा घेऊन, वहिनीच्या बाजूने लढायला. निदान देविकाने तिला त्यासाठीच बोलावलं होतं. "तू आत्या आहेस, तुझं ऐकेल," असं फोनवर तीनदा सांगून. यशश्रीने "हो हो वहिनी, बरोबर आहे तुझं" असंही तीनदा म्हटलं होतं. आणि येता येता जिन्यात शकीलाला गाठून वाटी मिळवली.

"आबा, मला तेव्हा कोणी विचारलं नव्हतं," ती गॅलरीत येऊन थेट म्हणाली. "रेवाला तरी विचारा. तिच्या मनासारखं होऊ दे, एवढंच घाला. आणि वहिनीला वाटू दे की मी तिच्याच पक्षात आहे. माझं सासर तिच्या ओळखीतलं आहे, उगाच कटकट नको."

आबांनी वाटीतला चमचा उगाच फिरवला. यशश्रीने त्या लग्नाचा विषय काढला की त्यांना तिच्याकडे बघवत नसे.

"बरा केल्लंय सांगलंय ता," ते शेवटी म्हणाले. "घालतंय हां, बाय."

*

रेवा शेवटची आली. पाच फूट अकरा इंच उंचीची मुलगी गॅलरीच्या दारातून वाकूनच यायची. आजही तशीच आली, आणि आबांच्या पायाशी जमिनीवर बसली. हातात वाटी.

"आबा, हे शकीला आंटीने दिलं. ती हसत का होती मला माहीत नाही."

आबांच्या पोटात आता जागा उरली नव्हती. पण नातीच्या हातचा नाकारायचा कसा?

"बोल गो चेडवा. तुका काय होया?"

"तुम्ही गाऱ्हाण्यात असं म्हणा की..." ती अडखळली. तिचं मराठी असंच, चालताना मध्येच एखादी पायरी नसावी तसं. "म्हणा की घरच्यांनी मला स्टॉप करावं. म्हणजे, अडवावं. आई नाही म्हणते ना, ते फायनल होऊ दे."

आबांनी चमचा खाली ठेवला.

"तुका जावचा नाय?"

"कॉलेजमध्ये सगळं माझ्याभोवती होतं, आबा. बॉल माझ्याकडे, स्कोअर माझा. पोलंडची कोच म्हणाली, तुझा स्कोअर मला नको, स्कोअर करणाऱ्या माझ्याकडे आहेत. तू बेंचवर बस. मी सांगेन तेव्हा उठ आणि समोरच्या टीमच्या बेस्ट प्लेअरला अडव. बस. पहिलं वर्ष असंच."

"बसान पैसे गावतत?"

"हो."

"मगे माका वायट काय ता कळाक नाय."

"आबा!" ती रडवेली झाली. "मला बसता येत नाही! मी कधी बसलेच नाही. सगळे मॅच बघतील आणि मी दिसणारच नाही. लोक म्हणतील, पोस्टरवाली ती हीच का? त्यापेक्षा आईने अडवलं तर... मग मी घाबरले असं कोणी नाही म्हणणार ना. म्हणतील, शी वॉन्टेड टू, पण फॅमिली."

आबांनी बराच वेळ समोरच्या इमारतीवरच्या पाण्याच्या टाक्या पाहिल्या.

"मी सूराक इलो तेव्हा," ते म्हणाले, "माका वाटलेला, जहाजाचो कणो माझ्याच हातान बसतलो. अर्बाबान पयलो वरसभर फळयेक हात लावूक देवक नाय. फळयांच्या शिवणीत तेलाचो कापूस भरूक बसयल्यान. उन्हात. उकडूं बसान."

"मग?"

"मगे काय, जहाज बुडाक नाय."

"मी कापूस नाही, आबा."

"नाय तर नाय," आबा म्हणाले आणि चौथी वाटी संपवली. "सांगणा घालतंय. शब्द दिलंय."

*

साडेचारला सगळे स्वयंपाकघरात जमले. देवघर म्हणजे आबांनीच कधीकाळी सूरच्या गोदीतल्या उरलेल्या सागाची केलेली फळी. फ्रिजच्या शेजारी, जरा उंचावर. रेवाच्या डोळ्यांच्या बरोबर समोर यायची, बाकीच्यांना मान वर करावी लागे. नारळ, विडा, अगरबत्ती. शकीलाही आली होती, दारात उभी. "मी इथूनच आमीन म्हणेन," ती म्हणाली. एरवी कधी यायची नाही. आज तिला काहीतरी घडणार असा वास लागला होता.

आबांनी टोपी सारखी केली, ढेकर दाबला, हात जोडले.

"बा देवा रवळनाथा, म्हाराजा! आज तुझ्या पायाकडे ह्यो नारळ ठेवन, ही तुझी लेकरा समुद्रापलीकडसून, ह्या मस्कतातसून, तुका हाक मारतत. तेंका सुखी ठेव, रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"जा काय वाकडा असात ता सरळ कर, रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"आमीन," दारातून.

लय लागली. गाऱ्हाण्याचं हे असंच असतं. दोन वाक्यं झाली की माणसं ऐकत नाहीत, नुसती म्हणतात.

"तुझ्या सुनेन, देविकान, माका वाटीभर हलवो दिल्यान. तिचा सांगणा असा आसा, की चेडू घरात रवाक होया, शाळेत बाई होवक होया, रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" सगळे म्हणाले. मग उत्तमने जीभ चावली. देविकाला आधी आनंद झाला आणि मग हलवा ऐकू आला.

"तुझ्या उत्तमान पुडक्यातसून हलवो दिल्यान. तेचा सांगणा असा आसा, की चेडू पोलंडाक जावक होया, पण ह्या ताणे सांगल्यान असा बायलेक कळूक नको, रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" ही देविका होती. सगळ्यांत मोठ्याने. सवय, दुसरं काय.

"अहो!" ती मग उत्तमकडे वळली. पण गाऱ्हाणं चालू असताना बोलायचं नसतं, म्हणून नुसते डोळे वटारले.

"तुझ्या यशश्रीन हलवो दिल्यान. तिचा सांगणा असा, की चेडवाच्या मनासारखा होवंदे, आणि ती वयनीच्याच बाजूक आसा असा वयनीक वाटांदे, रे म्हाराजा!"

"व्हय म्हा—" देविका थांबली. "यशश्री!"

"वहिनी, गाऱ्हाणं चालू आहे," यशश्री घाईघाईने म्हणाली आणि डोळे मिटून घेतले.

"माझ्याकडून चार वाट्या गेल्या तेव्हाच मी म्हटलं," शकीला दारातून पुटपुटली. "एका साखरवाल्या माणसाला चार वाट्या! या अल्ला."

चौथी वाटी कोणाची, हे विचारायची वेळ आली नाही. रेवाच्या लक्षात आलं होतं. "आबा, नको," ती कुजबुजली. "प्लीज."

आबांचे हात जोडलेलेच राहिले. त्यांनी नातीकडे पाहिलंसुद्धा नाही. देवाला सांगणं ठेवायचं तर पुरं ठेवायचं. तिघांचं ठेवलं आणि चौथीचं लपवलं, हा हिशेब त्यांना जमणारा नव्हता.

"आणि तुझ्या रेवाचा सांगणा असा आसा, की घरच्यांनी तिका आडवूचा. कारण चेडू भियालासा. पण ती भियाली असा कोणी म्हणूक नको, आवशीन आडवल्यान असा म्हणूक होया, रे म्हाराजा!"

"व्हय—"

कोणीच पूर्ण केलं नाही. रेवाने नारळाकडे बघत ओठ घट्ट मिटले.

सगळ्यांना वाटलं देविका तिला जवळ घेईल. जे हवं होतं ते आयतं मिळालं होतं. मुलगी घरी राहणार, तीसुद्धा स्वतःच्या इच्छेने. पण देविकाच्या चेहऱ्यावर वेगळंच काहीतरी चाललं होतं.

"माझं नाव पुढे करणार होतीस?" तिने विचारलं.

"आई, तू तर नकोच म्हणत होतीस..."

"मी नको म्हणत होते, कारण मला तू हवीस! घरात, समोर, बरणीला टेकवलेली नाही. ते माझं नको आहे. तुला घाबरल्यावर वापरायला दिलेलं नाही ते!" तिने पदर खोचला. "कोच काय म्हणाली?"

"बेंचवर बस. आणि डिफेन्स कर."

"बरोबर म्हणाली."

"काय?"

"तुझा डिफेन्स भिकार आहे. हात खाली ठेवतेस. समोरची डावीकडे वळली की तू बघत बसतेस. शेवटच्या सीझनमध्ये ती निळ्या कपड्यांतली नऊ नंबरची, तिने तुला तीन वेळा तसंच काढलं. मी ओरडून ओरडून घसा बसवला!"

सगळे देविकाकडे बघायला लागले. देविका मॅच बघत नाही, हे घरात सर्वांना माहीत होतं. बास्केटबॉल म्हणजे उड्या मारणं, असं ती म्हणायची.

"खरं आहे," शकीला म्हणाली. "हिच्या किंकाळ्या ऐकून मी दोनदा आले होते बघायला. मला वाटलं नवराबायको भांडतात."

उत्तमने बायकोकडे असं पाहिलं, जणू पंचवीस वर्षांत पहिल्यांदा ओळख होतेय. "तू बघायचीस? मग मला का सांगायचीस बंद कर ते म्हणून?"

"तुम्ही मध्ये बोलत राहायचात म्हणून!" देविका डोळे पुसत म्हणाली, आणि पुन्हा रेवाकडे वळली. "मी तुला अडवणार नाही. नाही म्हणायचं तर ते तू म्हण. तुझ्या तोंडाने, 'मी घाबरले' म्हणून. मग राहा घरी, मी रोज भाकऱ्या करून घालीन, एक शब्द बोलणार नाही."

यशश्रीने रेवाचा दंड धरला. खरं तर तिला खांद्यावर हात ठेवायचा होता, पण तिथपर्यंत पोचला नाही.

"गाऱ्हाणा अर्धा ऱ्हवला हा," आबा म्हणाले. "अर्धा ऱ्हवलेला बरा नसता. फुडचा तू सांग, चेडवा."

"मी? मला येत नाही."

"देवाक येता. तू बोल."

रेवाने हात जोडले. ते मोठे हात, ज्यांत बॉल लिंबासारखा दिसायचा, आता सागाच्या फळीला टेकले होते.

"बा देवा रवळनाथा," ती म्हणाली. "महाराजा. मी... मला भीती वाटते. बेंचवर बसायची. मी दिसणार नाही, त्याची."

कोणी व्हय म्हणेना. हे व्हय म्हणण्यासारखं आहे का, तेच कळेना.

"व्हय म्हाराजा," आबा एकटेच हळू म्हणाले.

"माझा डिफेन्स वाईट आहे. आई म्हणते ते बरोबर आहे. मी हात खाली ठेवते, कारण मला वाटतं आता बॉल माझ्याकडेच येणार. महाराजा."

"व्हय म्हाराजा!" देविका म्हणाली. यावर तिचं दुमत असणं शक्यच नव्हतं.

"मला तो कापूस..." रेवाने नाक ओढलं. "मला कापूस भरायला शिकव. महाराजा."

कापूस काय, ते आबांखेरीज कोणाला समजलं नाही. तरी सगळे म्हणाले. आबांनी मात्र टोपी काढून पुन्हा घातली, आणि ती वाकडीच बसली.

तेवढ्यात ओट्यावर फोन थरथरला. पाच. पोलंड. रेवाने तो उचलायला हात पुढे केला, बोट घसरलं, आणि स्पीकर लागला. कोचचा आवाज सगळ्या स्वयंपाकघरात भरला. तिने हॅलो म्हटलं, हवापाण्याचं विचारलं, आणि मग सरळ मुद्द्यावर आली: काय ठरलं?

रेवाने एकदा आईकडे पाहिलं. देविकाने दोन्ही हात छातीसमोर वर केले, डिफेन्सला करतात तसे, आणि डोळ्यांनीच सांगितलं, असे. वर.

"आय ॲम कमिंग," रेवा म्हणाली. "तुम्ही जिथे बसवाल तिथे बसेन."

शेवटचं वाक्य तिच्या तोंडून मराठीतच गेलं. पण गाऱ्हाणं अजून संपलेलं नव्हतं, आणि देवापुढे कोणी काही म्हणालं की या घराची माणसं काय करतात ते आता नव्याने सांगायला नको.

"व्हय म्हाराजा!" सगळं स्वयंपाकघर एका आवाजात गरजलं. दारातून आमीन आलं. आणि त्यात सगळ्यांत मोठा, चिरका, रडका आवाज देविकाचा होता.

पलीकडून पोलंडच्या कोचने विचारलं, हे कोण होतं?

"माझी टीम," रेवा म्हणाली. "सगळे बेंचवरचे."